धबधब्याचा पडदा

नाटकाचे पडदे रंगवणारा डोमाजी चांद्याच्या चित्रप्रदर्शनाला निघाला, तेव्हा नाटकमंडळीतलं एकही माणूस सोबत यायला तयार होईना. "पडदा हाय तो, डोमाभाऊ. त्याले कोन चित्र म्हनते?" असं म्हणून सगळे आपापल्या धानाच्या बांधावर गेले. मग शनिवारी सकाळी त्यानं गुंडाळलेला पडदा रेंगीत टाकला, बैल जुंपले आणि एकटाच वाटेला लागला. सोमनाथच्या धबधब्यापाशी बैलांना पाणी पाजलं, पडदा उलगडून त्यावर रंगवलेला आपला धबधबा खऱ्याशी ताडून पाहिला आणि खऱ्यातच फेस जरा कमी पडतो, असं ठरवून पुढं गेला.

रविवारी दुपारी प्रदर्शनाच्या दारात परीक्षकांनी पडद्याचं टोक दोन बोटांनी उचललं. "हे नाटकवाल्यांचं सामान. इथं फक्त कला लावतात."

 समोरच्या चिंचेच्या दोन झाडांना डोमाजीनं दोर ताणला आणि पडदा सोडला. तासाभरात आत मोजून पाच माणसं उरली, त्यातले चार आयोजक. बाकी सारा बाजार चिंचेखाली.

शेवटी परीक्षकही बाहेर आले. पडद्याजवळ येताच त्यांनी नकळत धोतराचा सोगा वर उचलून धरला. मग घसा साफ करून म्हणाले, "आणा आत. मधली भिंत मोकळी करून देतो."

"नाई साहेब," डोमाजी म्हणाला, "तुमच्या भिंती भिजतीन."