दिवसाला एकच गोळी

"दिवसाला एकच," सिदू म्हणाला. "चघळायची. गिळायची न्हाय."

मोडनिंबला सिदूच्या औषधाच्या दुकानात बजाबाई व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घ्यायला उभ्या होत्या. शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवून थेट इकडं आलेल्या. दीडशे पोरांचं मीठ त्या अंदाजानं टाकायच्या, आणि अठरा वर्षांत खिचडी एकदाही खारट झाली नव्हती. तरी सिदूचं बोलणं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"फायदा काय म्हणालास?"

"जखम लवकर भरती. हिरड्या धड राहत्यात. जेवणातलं लोह अंगी लागतं. शिवराजदादाला आपरेशनआधी बरंच की."

"आन् जास्त झाली तर?"

"पोट बिघडतं. म्हैनोन्‌म्हैने मूठ-मूठ खाल्ली तर मुतखडा बी हुतो. पण तसं कोण खातंय, काकू? खरं म्हंजे रोज एक पेरू खाल्ला तरी भागतंय."

"पेरूचा काय भरवसा," म्हणत बजाबाईंनी चार पाकिटं पिशवीत टाकली.

त्यांचा मुलगा शिवराज धाकट्या बहिणीला आपली एक किडनी देणार होता. अंकिता सोलापुरात दिलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि त्यासाठी हातावर केलेली नस दुसऱ्यांदा बंद पडत आलेली. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही, बजाबाईंना स्वतःला साखर. भावाचं मात्र सगळं जुळलं. गाव म्हणालं, भाऊबीजेला असली ओवाळणी कुणी घातली नव्हती. त्या कौतुकातला मोठा वाटा आईच्या पदरात पडला, कारण चारचौघांत 'दे' म्हणणारी तीच.

नको म्हणणारी एकटी सून, श्रावणी.

"माझी पोरं लहान हायत, आत्या. ह्यांना काय झालं म्हंजे?"

"ती बी माझ्याच पोटची हाय. तुला काय, परक्याच्या लेकीला," बजाबाई म्हणाल्या. चार घरांत ऐकू जाईल एवढा आवाज त्यांनी लावला होता, आणि तो गेलाही.

तेव्हापासून शिवराजचं खाणंपिणं त्यांनी आपल्या हातात घेतलं. सकाळी दोन गोळ्या, डब्यात दोन, रात्री दोन.

"आई, सिदू एक म्हणला हुता न्हवं?"

"सिदूच्या आईनं त्याला किती खाऊ घातलंय ते दिसतंयच की. वारा सुटला तर दुकानाच्या खांबाला धरून उभा ऱ्हातो."

शिवराज हसला आणि दोन्ही गोळ्या चघळल्या. पस्तिशीचा गडी, पण आईसमोर तोंड उघडायचा ते घास घ्यायला.

तीन महिन्यांनी सोलापुरात शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"दोन्ही बाजूंना खडे आहेत. बारीक आहेत, पण पहिल्या तपासणीत नव्हते. अशी किडनी आम्हाला घेता येत नाही. खाण्यात काही नवीन?"

शिवराजनं आईकडं पाहिलं. बजाबाईंनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि विचारल्यावर आकडा सांगितला.

"रोज सहा? तीन महिने?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो आजी, एकसुद्धा पुष्कळ होती."

"अडाणी बाई मी," बजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, टाकं लवकर भरत्याल."

अंकिता सुजलेला हात सावरत उठली आणि आईला जवळ घेऊन बसली.

"रडू नगंस. माझ्यासाठीच केलंस की."

दारात श्रावणी उभी होती. तिनं सोडलेला सुटकेचा श्वास नणंदेनं ऐकला. पुढं निघेपर्यंत अंकिता वहिनीशी एक शब्द बोलली नाही, आणि बजाबाईंनीही मध्ये पडायची घाई केली नाही.

"गोळ्या आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "भरपूर पाणी प्या. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. सगळं साफ असेल तर विचार करता येईल. तोवर हिनं तग धरायला हवा. त्याच्यापुढं गेलं तर मला काही सांगता येत नाही."

"आई, एक बी गोळी द्यायची न्हाय आता," शिवराज म्हणाला. "दिलीस तरी मी खाणार न्हाय."

"न्हाय रं बाबा. तुझ्या गळ्याशपथ."

एसटी स्टँडवर शिवराज आणि श्रावणी मोडनिंबची गाडी कुठं लागते ते बघायला गेले. बजाबाई रस्ता ओलांडून समोरच्या औषधाच्या दुकानात शिरल्या. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्यांनी रिकामं पाकीट पुढं केलं.

"ह्याच गोळ्या द्या, पण संत्र्याचा वास नसलेल्या. कुटून ताकात घालायच्या हायत," त्या म्हणाल्या. "एकुलतं एक लेकरू हाय माझं, त्याला कळाय नगं."