दवंडी कोणाच्या घरची

दवंडीची वेळ झाली आणि रणजितचा फोन बंद लागला.

अंथुर्ण्याच्या चावडीपुढे निम्मं गाव जमलं होतं. कालवा फुटला असं समजायचं, दवंडी ऐकायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन उंचावरच्या शाळेत जायचं, अशी ती तालीम होती. आपत्तीचे नवे नियम ठरवणाऱ्या आमदारांच्या समितीच्या सचिव सुप्रिया मॅडम मुंबईहून मुद्दाम बघायला आल्या होत्या. सगळं जागच्या जागी होतं. फक्त दवंडी देणाराच नव्हता.

ही तालीम ठरवली होती अंजलीनं. ती एका मदत संस्थेत आपत्तीच्या कायद्याचं काम बघायची. पूर ओसरल्यावर पीठ आणि चादरी वाटणारे लोक गावाला माहीत होते. पूर यायच्या आधीच कायदा घेऊन फिरणारी बाई, आणि तीही आपल्या गंगारामाची नात, ही नवलाई होती. आमदारांच्या दारात चपला झिजवून तिनं नव्या नियमांतल्या एका कलमासाठी आग्रह धरला होता. मसुद्यात होतं, मोबाइल बंद पडले तर गावच्या रिवाजाप्रमाणे दवंडी द्यावी. गावचा रिवाज म्हणजे जातीनं ठरलेलं एकच घर, तिच्या आजोबांचं, आबांचं, हे अंजलीला कोणी सांगायला नको होतं. तिचं म्हणणं एवढंच, की दवंडी पाळीपाळीनं प्रत्येक घरानं द्यावी. समिती म्हणाली, कागदावर ठीक आहे, पण गाव ऐकेल का? एका गावात करून दाखवा, मग बघू.

चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिली पाळी निघाली सावळारामतात्यांच्या घरची. तात्या म्हणजे साखर कारखान्याचे जुने संचालक, गावातलं वजनदार माणूस. त्यांनी हसतहसत मुलाला, रणजितला, पुढं केलं होतं. आणि रणजित तर सकाळीच ट्रॅक्टरचा पार्ट आणायला इंदापूरला गेलेला.

"आता कसं करायचं?" सुप्रिया मॅडमनी विचारलं.

तात्यांनी टोपी सारखी केली. "त्यात काय अवघड हाय? गंगारामाला बोलवा की. आमच्या अंगणात खाली उभा राहून आरोळी ठोकायचा, तर माडीवर झोपल्यालं माणूस खडबडून उठायचं. तसा आवाज पंचक्रोशीत न्हाय."

त्यांच्या बोलण्यात तसूभरही आकस नव्हता. ते मनापासून कौतुक करत होते, आणि अंजलीला तेच जास्त लागलं. चार जणांनी माना डोलावल्या. एक जण तर आबांच्या घराकडे निघालासुद्धा. आबांनी ऐन विशीत गावकीचं काम सोडलं, तेव्हा खाली ठेवलेली हलगी पुन्हा हातात धरली नव्हती. आज नातीचं काम अडलंय म्हटल्यावर ते मुकाट उठलेही असते. तिला धास्ती होती ती त्याचीच. मग मॅडम मुंबईला जाऊन सांगणार, रिवाज आहे तोच बरा.

"थांबा," ती म्हणाली. निघालेला माणूस थबकला. "तात्या, आबांचा आवाज चांगला होता म्हणून त्यांच्याकडं दवंडी होती का?"

तात्यांनी खिशातला फोन काढून रणजितला लावून बघितला.

"माणूस परगावी असला तर काय, तेही आम्ही कलमात लिहिलंय," अंजली म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला कष्ट पडत होते. "पाळी घराची असते, माणसाची नाही. आज तुमच्या घराची आहे."

"म्हंजे म्या? ह्या वयात?"

"आबा तुमच्याहून थोरले आहेत, तात्या."

बायकांच्या घोळक्यातून तात्यांच्या जयवंताबाई पदर सावरत पुढं आल्या. "आवं, घरात दिसभर वरडताच की. आज जरा भायेर वरडा."

चावडी खो खो हसली. तात्याही हसले, आणि हसता हसता त्यांनी चावडीच्या पायरीवर आणून ठेवलेली हलगी गळ्यात अडकवून घेतली.

ते ती भाकरी थापल्यासारखी वाजवत होते. पहिली आरोळी घशातच अडकली. दुसऱ्या आळीत पोरं मागं लागली, तिसऱ्या आळीत तात्यांना जोर चढला. दारंखिडक्या उघडत होत्या, लोक गाठोडी घेऊन खरंच बाहेर पडत होते. अंजली मागून चालत होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं, की पाय जमिनीला लागत नव्हते.

"हे काही रिवाजाप्रमाणे झालं नाही," शेजारून सुप्रिया मॅडम म्हणाल्या.

"नाही."

"पण लोक निघाले. तुमचं कलम जसंच्या तसं पुढं पाठवते."

शेवटचं घर आबांचं. उंच जोत्यावर खुर्ची टाकून गंगाराम बसले होते, अंगावर धुतलेला सदरा. तात्या खाली अंगणात येऊन उभे राहिले. हातातली टिपरी एकदम थांबली. मग त्यांनी टोपी नीट केली.

"गंगारामराव! ऐका हो ऐका! कालवा फुटलाय, समद्यांनी शाळंत चला!"

गंगारामांनी कानामागं हात धरला. "जरा मोठ्यानं, तात्या. हितवर येत न्हाय."

तात्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि अशी आरोळी ठोकली की बुद्धविहारावरची कबुतरं उडाली.

जाणत्या माणसानं मान डोलवावी तशी गंगारामांनी डोलवली. "आता आली." मग काठी टेकत ते उठले आणि पायऱ्यांकडं बोट करून म्हणाले, "पर तुमी खाली का उभं? वर या. पाणी पिऊ, मग जाऊ शाळंत."