चढा सूर

“युकुलेले बेसूर वाजतंय तुमचं,” कुमुदताई म्हणाल्या.

“अगं, आत्ताच तर लावलं!” मधुसूदनरावांनी बायकोपुढे मोबाइलवरचं सूर तपासायचं अ‍ॅप धरलं आणि त्या इवल्याशा गिटारच्या चारही तारा एकेक करून छेडल्या. प्रत्येक तारेला स्क्रीन हिरवागार झाला. “बघ. तुझं मशीन नवीन आहे ना, होईल सवय.”

कुमुदताईंचा हात कानातल्या मशीनकडे गेला. आपल्याच कानांवरचा भरवसा उडाला, म्हणून तर त्यांनी गाण्याचा क्लास बंद केला होता. गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. पण राहवेना. त्यांनी युकुलेले सरळ स्वतःच्या मांडीवर ओढलं.

“मोकळी तार सुरात आहे, कबूल. आता हीच दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर दाबते. तोच सूर वरच्या सप्तकात लागायला हवा.”

तार वाजली आणि स्क्रीन लालभडक झाला. काटा पार उजवीकडे पळाला. दुसरी तार, तिसरी तार, लालच.

“बनवणाऱ्याने तारांखालची घोडी पुढे चिकटवलीय. वरचे सगळे सूर चढेच लागणार!”

मधुसूदनराव एकदम उठले, चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथून खुशीत गाऊ लागले.

“अहो, गंधार चढतोय तुमचा!” त्या बसल्या जागेवरून कडाडल्या.

गाणं थांबलं. “इथला ऐकू आला तुला?”

“आला म्हणून तर सांगतेय! चहा राहू दे. आधी माळ्यावरून माझ्या क्लासची पाटी काढा.”