पाठमोरी गिरकी

छावणीतल्या जॅझ नृत्याच्या वर्गात मॅडम गिरकी शिकवत होत्या. कारखान्यातून थेट येणारा बिरू अर्धी गिरकी झोकात घ्यायचा आणि उरलेली घाईघाईत उरकताना कोलमडायचा. आजही जमली नाही, तर त्याला पुन्हा नवशिक्यांत बसवावं लागणार होतं. ते मॅडमच्या जिवावर आलं होतं. "अरे, मध्येच कंपनीची बस सुटते का तुझी?" त्यांनी विचारलं. बिरू ओशाळला. "तवा तुमच्याकडं पाठ होते ना, मॅडम. आमच्यात गुरूला पाठ दाखवत नाय." पोरं खिदळली. मॅडम मात्र बिरूकडे पाठ करून आरशासमोर उभ्या राहिल्या. "घे, आधी मीच पाठ दाखवली. आता फिर निवांत." आरशात बिरू सावकाश, पुरता फिरला आणि ठाम थांबला. मॅडमनी तिथूनच टाळी वाजवली, तरी त्यांची पाठ बघून त्याचा चेहरा पडलेलाच. "लई झालं, मॅडम," तो काकुळतीने म्हणाला, "आता वळा की."