वहीत नसलेली ओळ

दुसरा प्रवेश संपेपर्यंत साल्वासियोनच्या कपाळावरची पावडर घामानं उतरली होती, पण मैदानातलं एकही माणूस उठलं नव्हतं. सणाची दुपार, चर्चसमोर बांबूचा मंच आणि त्यावर एकाहत्तर वर्षांची एकटी बाई. नाटक तिनंच लिहिलेलं, स्वतःच्या संसाराचं.

मंचाच्या पुढच्या कडेला लाकडी खोक्यात तिचा नवरा हिल्दो वही घेऊन बसला होता. आमच्याकडे नट संवाद पाठ करत नाहीत. खोक्यातला माणूस ओळ सांगतो, नट ती म्हणतो. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं साल्वासियोन हिल्दोच्या तोंडून ओळी उचलत आली होती. राजकन्या झाली, विधवा झाली, खाष्ट सासू झाली, सगळं त्याच्या आवाजावर. रिवाजाप्रमाणे आजची वही त्याच्या हातात सकाळीच पडली होती, आणि त्याची सकाळ डुक्कर भाजण्यात गेली होती.

"तेविसाव्या वर्षी मी मनिलाच्या नाटक मंडळीला गाऊन दाखवलं," हिल्दोनं सांगितलं.

साल्वासियोननं ते म्हटलं आणि त्या गाण्याच्या दोन ओळीही गायल्या. आवाज फाटला होता, मान मात्र पूर्वीसारखीच कलली. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. ते दिवसच तसे होते. बैलगाड्यांतून मंडळी यायची, कंदील लागायचे, आणि या मुलीसाठी लोक तीन-तीन गावं चालत यायचे.

"पत्र पाठवतो म्हणाले."

"पत्र पाठवतो म्हणाले," साल्वासियोन म्हणाली.

"सहा महिने मी वाट पाहिली."

तिनं तेही म्हटलं. पुढच्या ओळीला हिल्दो अडला.

"झोपला वाटतं," पहिल्या रांगेतली पेत्रा म्हणाली. "मांस अंगावर आलं असेल."

लोक हसले. साल्वासियोनही हसली.

वहीत लिहिलं होतं, 'पत्र आलंच नाही. मग मी हिल्दोशी लग्न केलं आणि समाधानानं राहिले.' हिल्दोनं ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. मग वही मिटली.

"पत्र आलं होतं," तो म्हणाला.

"पत्र आलं होतं," साल्वासियोननं सवयीनं म्हटलं. म्हणून झाल्यावर तिचा हात हवेतच राहिला.

"गावातल्या नटांची पत्रं तेव्हा हिल्दोकडे यायची."

तेही ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करत.

"त्यानं ते चुलीत घातलं. ही गेली तर परत यायची नाही, असं त्याला वाटलं."

हे मात्र तिनं म्हटलं नाही. लोकांना वाटलं, नाटकच असं आहे. पेत्रानं रुमाल काढला.

साल्वासियोन कडेपर्यंत आली आणि गुडघ्यावर हात टेकून खोक्याशी वाकली.

"पुढं वाच."

"वासियोन, पुढचं मला वाचवत नाही."

"समाधानानं राहिले असं लिहिलंय मी. खोटं नाही लिहिलं." "पण मनिलाला मी पसंत पडले नाही, असं धरून गायले रे जन्मभर."

हिल्दोनं मिटलेली वही तिच्याकडे सरकवली.

"बरं," ती म्हणाली. "आता मी सांगते. तू म्हण."

ती सरळ उभी राहिली आणि खोक्यातून तो जसा सांगायचा, तशा सपाट, स्वच्छ आवाजात बोलू लागली.

"त्यानं तिला विचारायला हवं होतं."

"त्यानं तिला विचारायला हवं होतं," खोक्यातून हिल्दोचा आवाज आला.

"ती गेली असती."

"ती गेली असती."

"आणि परत आली असती."

मैदान दुसऱ्यांदा ऐकायला थांबलं. खोक्यातून काही येईना. नट अडला की हिल्दो करायचा, तेच तिनं केलं. तीच ओळ पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितली.