जागच्या जागी

"नमुन्याला घरचं माणूस घेऊ नका," ॲनिमेशनचे सर पहिल्याच तासाला म्हणाले होते. स्टुडिओत दिवसभर कार्टून हलवणाऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, म्हणून मी माझ्या लेकीचीच चाल काढली. पडद्यावर ती झकास चालली, जागच्या जागी. तेव्हापासून घरातही तसंच. हात पसरून माझ्याकडे येतेय, पावलं पडतायत, पण पोचतच नाही.

घाबरून सरांना फोन लावला. "उचलून घेऊ का हो तिला?"

"अहो, नको! चाल मोडेल. पुढे कसं सरकवायचं ते उद्या शिकवतो. आत्ता घाई आहे, दुसरं कुणी मिळेना म्हणून स्वतःचीच उडी काढतोय."

तेव्हापासून त्यांचा फोन नुसता वाजतोय. स्टुडिओच्या आसपास कुणी राहत असाल तर जरा डोकावून बघाल का, सर खाली उतरलेत का?