दहावं कॅफे

कॅफेच्या मालकीणबाईंनी त्याला ओळखलं, तेव्हा त्यांच्या पाठीमागे गॅसवर दूध होतं.

"अगंबाई, तुम्ही ते साप्ताहिकातले ना? फोटोत जरा भरलेले दिसता," म्हणत त्या काउंटरमागून बाहेरच आल्या. खुर्ची पुसली, टेबल पुसलं, पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. ते डुगडुगायला लागलं तसं त्यांनी त्याला एका हाताने दाबून धरलं, जसं काही दाबल्याने ते सुधारणार होतं. शिंप्याच्या दुकानावरची अरुंद खोली, पाच टेबलं, खिडकीत उपड्या घातलेल्या कपांची रांग.

"दर वर्षी तुमची यादी मी कापून ठेवते. मुद्दाम वाट वाकडी करून जावं अशी दहा कॅफे. यंदा कितवं चाललंय?"

"दहावं," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला. तेवढ्यात आतून चर्र असा आवाज आला आणि त्या तशाच धावल्या.

तो आणि बायको समोरासमोर बसले. नऊ ठिकाणं झाली होती, आणि त्यांतल्या एकाही कॉफीचा वास त्याला आला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी ताप आला, तो जाताना वास घेऊन गेला, आणि वासाच्या मागोमाग चवही. डॉक्टर म्हणाले, येईल. कधी, ते बोलले नाहीत. हे ठाऊक होतं फक्त बायकोला. ती प्रत्येक ठिकाणी बरोबर यायची, कप नाकाशी न्यायची आणि हळू आवाजात सांगायची. प्यायची मात्र नाही. सकाळच्या दोन कपांशिवाय कुणाशी धड न बोलणारी बाई ती, पण त्याच्या तापाच्याच आठवड्यात तिलाही नेमकी ॲसिडिटी सुरू झाली होती.

तिचं सांगणं तिच्यासारखंच. "उन्हात वाळवलेल्या गादीसारखा वास आहे." "नव्या वहीचं पहिलं पान." "ही कुणीतरी भांडून आल्यावर केलीय." तो जसंच्या तसं उतरवून घ्यायचा. "हल्ली काय लिहिताय हो! आमच्या घरी वाचतावाचता वास येतो म्हणतात," संपादक परवा फोनवर म्हणाले. वास सगळ्यांना येत होता. लिहिणाऱ्यालाच तेवढा येत नव्हता.

म्हणून आज खिशात पत्र होतं. दहावं झालं की संपादकांच्या हातात द्यायचं आणि सदर बंद.

"दहावं होऊ द्या आधी," एवढंच बायको म्हणाली होती.

कॉफी आली. ठेवताना मालकीणबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. ठेवून झाल्यावर गेल्याही नाहीत. कोरडे हात ॲप्रनला पुसत उभ्या राहिल्या.

बायकोने कप नाकाशी नेला. तिच्या भुवया जराशा वर गेल्या, खाली आल्या. तिने एकदा मालकीणबाईंच्या हातांकडे पाहिलं.

"कशी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"गरम आहे."

"ते मलाही दिसतंय. वास?"

"मनापासून केलीय," ती म्हणाली आणि कप त्याच्याकडे सरकवला.

त्याने वहीत 'मनापासून' लिहिलं. कप उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि तिथेच थांबला.

"दूध करपलंय," तो म्हणाला.

बायकोने मान वर केली. "काय म्हणालात?"

"करपलंय! तळाला लागलंय दूध!"

मालकीणबाईंचा धीर सुटला. "लागलं हो, लागलं. तुमच्याशी बोलत राहिले ना! वरवरचं ओतून घेतलं, म्हटलं कळायचं नाही. द्या तो कप, दुसरी करते—"

"कपाला हात लावायचा नाही!" तो ओरडला, तशा त्या दोन पावलं मागे सरल्या. "पातेलं कुठंय?"

आणि उत्तराची वाट न बघता तो सरळ काउंटरमागे घुसला. करपलेलं पातेलं उचललं, कानापर्यंत डोकं आत घातलं. आतून नुसतं "अहाहा!" ऐकू आलं. मग त्याने कॉफीचा डबा हुंगला, साबण हुंगला, ओलं फडकंही सोडलं नाही.

"यांना बरं आहे ना?" मालकीणबाईंनी बायकोला विचारलं.

बायकोचे हात मांडीवर जुळलेले होते, डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. तेवढं पुरं झाल्यावर ती म्हणाली, "आता आहे."

तो पातेलं घेऊनच बाहेर आला. नाकाच्या शेंड्याला काळं लागलं होतं.

"म्हणजे यादीतून गेलंच म्हणायचं आमचं नाव," मालकीणबाई म्हणाल्या.

"आजचं माझं मत धरू नका. आज मला तुमचा भांड्यांचा साबणसुद्धा दहापैकी दहा वाटतोय. उद्या येतो. उद्या नीट पितो, आणि वाईट असेल तर वाईट लिहितो. आधीच्या नऊ ठिकाणीही परत जायचंय."

"उद्या मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "दुधासमोरून हलणारच नाही."

त्याने पातेलं बाजूला ठेवलं, खिशातलं पत्र काढलं, चार घड्या केल्या आणि वाकून टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल ठाम उभं राहिलं.

वर बघतो तर त्याचा कप जागेवर नव्हता. तो बायकोच्या दोन्ही हातांत होता आणि ती पीत होती, घाई न करता, तळातल्या काळ्या कणांपर्यंत.

"अगं, तुझी ॲसिडिटी?"

"गेली."

"कधी?"

"आत्ता."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने वरचा ओठ पुसला आणि रिकामा कप मालकीणबाईंच्या पुढे केला.

"आणखी एक द्या, बाई. त्याच दुधाची."